चारशे घोडे, दोन तळहात

माझ्या पुतण्याने २०२३ साली एक मोटार घेतली, आणि पुढल्या पावसाळ्यापासून आमची सूनबाई एस.टी.ने प्रवास करू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मोटार साधीसुधी नव्हती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, इंजिन पुढे आणि त्याचा सारा जोर मागच्या चाकांना. आणि तो जोर तरी केवढा, तर चारशे घोड्यांचा! बनावट कोणाची ते सांगत नाही; दोष कारखान्याचा नव्हता हे पुढे दिसेलच. ती नवी घेण्याची ऐपत आमच्या घराण्यात कोणाची नाही, तेव्हा पुतण्याने ती दुसऱ्याची वापरलेली घेतली. पहिल्या मालकाने सात वर्षांत ती जेमतेम दहा हजार किलोमीटर चालवली होती. बाकीचा सारा काळ ती मुंबईत एका इमारतीच्या तळघरात अंगावर आच्छादन घेऊन स्वस्थ उभी होती. "काका, अगदी नव्यासारखी आहे," असे पुतण्या मला दहा वेळा म्हणाला असेल.

२०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कात्रजच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, त्याने पाय किंचित दाबला मात्र, मोटारीचे मागचे अंग जे सटकले ते थेट आडवे झाले. पुढचा दिवा दुभाजकाकडे, मागचा दरीकडे. मागच्या चिमुकल्या बाकावर सात वर्षांची नात. देवाची कृपा, मागून ट्रक येत नव्हता. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. सूनबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने एवढेच सांगितले, "या गाडीत मी आणि माझी मुलगी पुन्हा बसणार नाही. विका किंवा दुरुस्त करा."

विकणे पुतण्याच्या जिवावर आले होते. त्याने दुरुस्तीची वाट धरली. पहिल्या कारागिराने गाडीला संगणक जोडला आणि चाकांची गती मोजणारी दोन यंत्रे बदलली. गाडी घसरतच राहिली. दुसऱ्याने मान हलवून सांगितले, "डिफरन्शियल गेले." खर्चाचा आकडा दोन लाखांच्या वर. मंडळी, आपल्याकडे डॉक्टर नाडी पाहण्याआधी क्ष-किरणाची चिठ्ठी देऊ लागले तेव्हापासून मोटारीचे मिस्त्रीही त्याच वळणावर गेले आहेत, असे माझे मत आहे. पण ते असो.

माझी थोरली बहीण कन्हेरीला दिली आहे. बारामतीहून इंदापूरच्या वाटेवर काटेवाडीच्या अलीकडे-पलीकडे हा सारा उसाचा पट्टा लागतो. नीरा डावा कालवा या मुलखाला पाणी पाजतो. कन्हेरीचा मारुती तर निवडणुकीच्या प्रचाराचे नारळ फुटण्याबद्दल साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक. त्या वर्षीची भाऊबीज ऐन विधानसभेच्या धामधुमीत आली होती. सूनबाई मुलीला घेऊन स्वारगेटवरून पहाटेच्या एस.टी.ने पुढे गेली आणि मी पुतण्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलो.

रस्ता उत्तम होता. पाटसला सोलापूरचा रस्ता सोडला की तुकोबारायांच्या पालखीची वाट लागते, ती आता चांगली रुंद केली आहे. पुतण्या गोगलगायीसारखा चालवत होता. तरीही रोटी घाटाच्या चढावर, रस्ता नुसता दवाने ओलसर असताना, समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. त्यात वळणावर निघालेल्या मोटारीचे चित्र होते.

"हा दिवा कसला रे?"

"चाक घसरायला लागले की गाडी आपणहून इंजिनाचा जोर कमी करते, काका. तेव्हा तो लागतो."

"मग तो दिवाळीच्या माळेसारखा का चालला आहे?"

त्यावर तो काही बोलला नाही.

मी तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. गाडीचे मला काही कळत नाही, पण घर्षण कळते, आणि हा प्रश्न शेवटी घर्षणाचाच होता. अक्काकडे पोहोचल्यावर चहाच्या आधी मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडले. ते गणित वाचकांनाही दाखवतो. भिऊ नये, पाचवीच्या मुलाला जमेल.

मोटारीचे वजन सुमारे सोळाशे किलो. त्यातले निम्मे, आठशे, मागच्या चाकांवर. मोटार जोरात पुढे झेपावते तेव्हा तिचे वजन मागे झुकते, म्हणून आणखी शंभर-दीडशे किलो त्यात धरू. कोरडी डांबरी सडक आणि चांगले रबर असेल तर जेवढे वजन त्याच्या आठ-नऊ दशांश एवढी पकड मिळते. म्हणजे मागची दोन चाके मिळून सुमारे आठशे किलोंचा रेटा सडकेला देऊ शकतात. त्यापुढे ती घसरणारच. आता इंजिनाची बाजू. पहिल्या गिअरमध्ये अशा मोटारीचे इंजिन चाकांच्या कडेशी दोन हजार किलोंच्या आसपास रेटा उभा करते. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून चाके फिरली तर ते दुखणे नव्हे, तो आगाऊपणा. पण तिसऱ्या गिअरमध्ये तोच रेटा साडेसातशेच्या घरात येतो. तिथे पाय पूर्ण दाबला तरी कोरड्या सडकेवर चांगल्या टायरने धरून ठेवले पाहिजे. आणि पाय अर्धा दाबला असेल तर ओल्या सडकेवरही. आमची मोटार तिसऱ्यात, अर्ध्या दाबाला, नुसत्या दवावर घसरत होती. म्हणजे इंजिन जास्त ताकदीचे हे कारण पुरेसे नव्हते. पकडच कुठेतरी हरवली होती.

आणि ही सारी पकड राहते कुठे? टायर केवढाही मोठा असो, जमिनीला त्याचा टेकलेला भाग तळहाताएवढा. या रुंद टायरांचा फार तर थोडा अधिक. चारशे घोड्यांची ताकद शेवटी या दोन तळहातांतून सडकेवर उतरते.

माझे गणित दाजींनी पाहिले नाही. ते अंगणाच्या कडेला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. गळीत हंगाम तोंडावर आला होता. तोडणी सुरू झाली की हाच पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याची वाट धरणार. त्यासाठी दाजी टायरमध्ये पाणी भरत होते. शहरच्या वाचकांना नवल वाटेल, पण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवेबरोबर पाणीही घालतात. हवेचे तोंड अगदी वर येईल असे चाक फिरवायचे आणि त्या तोंडापर्यंत पाणी भरायचे, की तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा हवा असे माप आपोआप साधते. एकेका चाकात दीड-दोनशे लिटर पाणी मावते. वजन वाढले की चाक जमीन धरते.

"आरं, गाडी घसरती म्हणतोस, पर कवा घसरती त्ये सांग की," दाजी पुतण्याला म्हणाले.

"मामा, केव्हाही."

"केव्हाबी म्हंजे आजार न्हाय कळत. पाव्हणं दवाखान्यात जाऊन 'सगळं दुखतंय' म्हणत्यात, तसलं झालं ह्ये."

दोन लाखांचा आकडा सांगणाऱ्या कारागिराने जे विचारले नव्हते ते दाजींनी पाणी भरता भरता विचारले. सरळ जाताना घसरते की वळणावर? निघाल्या-निघाल्या घसरते की अर्ध्या तासानेही? खड्ड्यावरून गेल्यावर घसरते का? एक चाक फिरते की दोन्ही? यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या अवयवाकडे बोट दाखवतो. खड्डा गेल्यावर मागचे अंग नाचून मग पकड सुटत असेल तर धक्के शोषणारे दांडे, ज्यांना आपण शॉकअॅब्झॉर्बर म्हणतो, ते मेले आहेत. चाक जमिनीवरून उडते, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड कसली? फक्त पहिल्या दहा मिनिटांत घसरत असेल तर टायर गार आहेत. शर्यतीच्या जातीचे रबर ऊब आल्याशिवाय मऊ होत नाही. एकाच बाजूला ओढ खात घसरत असेल तर चाकांची रेषा चुकली आहे किंवा दोन बाजूंचे टायर वेगवेगळे आहेत.

एक चाक की दोन्ही, हा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. बैलगाडीची दोन चाके आखावर आपापली मोकळी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी, तक्रार कोणाची नाही. पण मोटारीत चाकांना इंजिनाने फिरवायचे असते आणि तरी त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे असते. ती सोय करणारा दातेरी चाकांचा गड्डा म्हणजे डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी त्याची कल्पना १८२७ मध्येच बांधून ठेवली. त्यात एक खोड आहे. एक चाक चिखलात गेले की सारी चाल त्याच चाकाला मिळते. ते भिरभिरत राहते आणि कोरड्यावरचे दुसरे चाक ढिम्म उभे. ट्रॅक्टरवाले यासाठी पायाखालची कळ दाबून दोन्ही चाके एकत्र बांधतात. त्याला ते नुसते 'लॉक' म्हणतात. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियन कारखान्यासाठी शर्यतीच्या मोटारी आखल्या. इंजिन मागे, सोळा सिलिंडरांचे; १९३६ सालापर्यंत त्याची ताकद पाचशे घोड्यांच्या वर गेली. त्या मोटारींचे एक मागचे चाक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगातसुद्धा जागच्या जागी भिरभिरू लागे. तेव्हा १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेड एफ या कारखान्याकडून असे डिफरन्शियल करवून घेतले की एक चाक फार पुढे पळू लागले की ते आतूनच आवळले जावे. पुतण्याच्या मोटारीतही त्याच जातीचे होते, आणि दुसऱ्या कारागिराचा संशय त्यावरच होता.

"मग बघू की," दाजी म्हणाले. "इकडं जुन्या रस्त्याला कुत्रं न्हाय."

जेवणाआधीच आम्ही माळावरच्या मोकळ्या डांबरी तुकड्यावर गेलो. दोन्ही टोकांना दाजींनी एकेक भाचा उभा केला. पुतण्याने गाडीची आपोआप जोर तोडण्याची सोय तेवढ्यापुरती बंद केली आणि उभ्या जागेवरून पाय दाबला. धूर झाला, रबराचा वास सुटला, पोरांनी टाळ्या पिटल्या. (भर वस्तीत हा प्रयोग कोणी करू नये, आणि एकट्याने तर मुळीच नको.) मग आम्ही खाली वाकून सडक वाचली. काळे ओरखडे दोन होते. दोन्ही सारख्या लांबीचे, सारखे गडद. डिफरन्शियल बिघडले असते तर एकच उमटला असता. दोन लाख रुपये त्या दोन रेघांनी वाचवले.

"दोन्ही चाकं सारकीच घसरत्यात," दाजी म्हणाले, "म्हंजे खोड गड्ड्यात न्हाय, टायरात हाय."

मग दाजींनी खिशातून खडू काढला. हा खडू ट्रॅक्टरवाल्याचा जुना सोबती. टायरवर एक खूण करायची, रिकाम्या ट्रॅक्टरने चाकाचे दहा फेरे होईपर्यंत जायचे आणि तेवढे अंतर आखून ठेवायचे. मग ओढ लावून तेच अंतर जायचे आणि फेरे मोजायचे. दहाच्या जागी साडेअकरा भरले तर चाक शंभरात तेरा इतके घसरते आहे. शेतात एवढे चालते. त्याहून फार जास्त घसरले तर डिझेल आणि टायर दोन्ही फुकट जातात, आणि अजिबात घसरले नाही तर आपण नाहक वजन वाहतो आहोत. अक्षरओळख बेताची असलेला माणूस टक्केवारीचे हे गणित खडूने करतो. माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांना ते परीक्षेत जमले नसते.

मोटारीसाठी खडूचा उपयोग निराळा केला. मागच्या टायरवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड पांढरी रेघ ओढली आणि गाडी सरळ पन्नासेक पावले चालवली. रेघ मध्यभागी पार पुसली गेली होती आणि दोन्ही कडांना जशीच्या तशी होती. याचा अर्थ टायर फुग्यासारखा फुगून नुसता पोटावर चालत होता. दाजींच्या मापकाने हवा मोजली तर चव्वेचाळीस! दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छत्तीस लिहिलेले. पुतण्या ओशाळून म्हणाला, "पंपावरचा पोऱ्या म्हणाला होता, हवा जास्त असली की गाडी हलकी पळते." पळते खरी. पण तळहाताची चार बोटे दुमडून एका अंगठ्यावर चालायला लावल्यासारखे ते झाले. हवा मोजायची ती गाडी तासन् तास उभी राहून टायर गार झाल्यावर. पुण्याहून आल्या-आल्या मोजली तर आकडा चढा येतो. म्हणून आम्ही दुपारभर थांबलो आणि चारच्या सुमारास पुन्हा मोजली. गार टायरातही एकेचाळीस होती. ती छत्तीसवर आणली.

इथे मला वाटले की दुखणे सापडले. दाजी काही उठेनात. त्यांनी अंगठ्याचे नख आधी ट्रॅक्टरच्या टायरात रुतवले, मग मोटारीच्या. ट्रॅक्टरच्या रबरात नखाची चंद्रकोर उमटली. मोटारीच्या रबरावर नख घसरले.

"आरं, ह्ये रबर न्हाय, ह्ये शिंगाडं झालंय!"

नक्षी तर भरपूर होती. खाचा इतक्या खोल की नवे वाटावे. झिजेची खूण सांगणारे उंचवटे, जे नक्षी एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर उरली की वरच्या रबराशी सपाट होतात, ते अजून खूप खाली होते. कारागिरांची फसगत इथेच झाली होती. खाच पाहिली, टायर चांगले म्हणून शेरा मारला. पण खाचेच्या तळाशी, दाजींनी विजेरी धरली तेव्हा, केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले. रबर झिजते तसे म्हातारेही होते. गंधक आणि उष्णतेने कच्चे रबर पक्के होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडले. पण ते पक्के होणे कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुरते थांबत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला चावत राहतात, आतले तेल उडून जाते, आणि वापरा की नका वापरू, रबर वर्षागणिक कठीण होते.

वय किती ते टायर स्वतः सांगतो, पण विचारावे लागते. त्याच्या कडेवर चार आकडे ठसवलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांच्या बाहेरच्या कडेवर ते नव्हतेच. बरेचदा ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू बसवताना आत जाते. दाजी भाऊबीजेचा नवा सदरा घालून मोटारीखाली सरपटले. अक्का दारातून काय बोलली ते छापत नाही.

"तीन, एक, एक, सहा," खालून आवाज आला.

म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. आठ वर्षे! मोटारीबरोबर आलेले टायर, तळघरात उभे राहून राहून लाकूड झालेले. नव्यासारखे दिसत होते ते धावले नाहीत म्हणून, आणि घसरत होते ते धावले नाहीत म्हणूनच. चालती गाडी असती तर केव्हाच झिजून बदलले गेले असते.

"मामा, आपण ट्रॅक्टरला करता तसे मागे वजन टाकले तर?" पुतण्याने विचारले.

दाजी हसले. बैलगाडी मागे जड झाली की उलार होते आणि बैलांच्या मानेवरचे जू उचलते. दोन भरल्या ट्रॉल्यांची ओढ बसली की ट्रॅक्टरचेही पुढचे चाक अधांतरी होते, आणि मग सुकाणू धरून उपयोग काय? त्यासाठी पुढच्या बाजूला वजने बांधावी लागतात. ट्रॅक्टरचा वेग बेताचा, म्हणून ते निभते. शंभरच्या वेगाने वळणाऱ्या मोटारीच्या मागे पोती टाकली तर वळणावर तेच वजन मागचे अंग बाहेर फेकील. दाजी एवढेच म्हणाले, "औषिद बैलाचं आन् रोगी घोडा. न्हाय चालायचं."

संध्याकाळी ओवाळणी झाली. सूनबाईने सारे ऐकून घेतले, खाचेतल्या भेगा स्वतः विजेरीने पाहिल्या, आणि शांतपणे म्हणाली, "टायर अजून तेच आहेत ना? मग आम्ही एस.टी.नेच जातो." मला तिचे बोलणे पटले. हवा बरोबर केल्याने पकड सुधारली होती, पण रबर काही तरुण झाले नव्हते. आम्ही दोघे उजेडी निघालो, घाटात गाडी कधी साठच्या वर नेली नाही, तरी पिवळा दिवा दोनदा लागलाच.

पुण्याला पुतण्याने चारही टायर बदलले. दुकानदार म्हणाला, "पुढचे अजून एखादे वर्ष चालतील, फक्त मागचे घ्या." पुढचे तरी आठ वर्षांचेच, पुतण्याने ऐकले नाही. मात्र वाचकांपैकी कोणाला दोनच घेण्याची वेळ आली तर नवे दोन मागे बसवावेत, गाडीचा जोर पुढच्या चाकांना असला तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली की ती आपल्याभोवती फिरते, आणि तेव्हा घरातल्या चालवणाऱ्याला काही सुचत नाही. नव्या टायरांवर साच्यातला गुळगुळीतपणा राहतो म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुतण्याने जपून चालवले. मग एका पावसाळी सकाळी तो एकटाच कात्रजला गेला, त्याच चढावर, त्याच तिसऱ्या गिअरमध्ये. परत येऊन त्याने मोटारीची किल्ली सूनबाईपुढे ठेवली. ती दुसऱ्या दिवशी स्वतः चालवून आली आणि मगच मुलीला मागच्या बाकावर बसू दिले.

जुन्या टायरांपैकी एक कन्हेरीला आहे. दाजींनी तो अक्काच्या परसातल्या कडुलिंबाला दोराने टांगला, आणि सुट्टीत पोरे त्यावर झोके घेतात. आकड्यांची बाजू या खेपेला बाहेर आली आहे.